तलावाखालचा मधला खांब

३ मार्च
अलेक्झांड्रियात पोचले. हॉटेल छोटं, समोर समुद्र. मालक हाज बहगत यांनी कांद्यावर शिजवलेला माशाचा भात आग्रहाने वाढला. इथला पोहण्याचा तलाव खांबांवर, एक मजला उंच उचललेला आहे. त्याची दुरुस्ती माझ्याकडे. तलावाखालच्या खोलीत पहारेकऱ्याची विधवा उम्म वरदा तीन मुलींसह राहते. खोलीच्या मधोमध जाडजूड खांब. म्हणाली, आम्ही चौघी रहाटाच्या बैलासारख्या त्याच्याभोवती झोपतो, इंजिनियरबाई!

९ मार्च
हिशेब तीनदा केला. पाणी शंभर टन. ते कडेचे आठ खांब सहज पेलतात. मधला बिनकामाचा. काढला तर खोलीत पलंग मावेल. उम्म वरदाने माझे हातच धरले.

२० मार्च
खांब काढला. पलंग आला. धाकटी त्यावर उड्या मारून दमली. खूप दिवसांनी मला आपला हुद्दा आवडला.

२ एप्रिल
तलाव भरला. खोलीच्या छताला केसाएवढी भेग. तिच्यावर प्लॅस्टरचा ठिपका लावून तारीख घातली. भेग वाढली तर ठिपका तुटेल.

३ एप्रिल
तुटला. तलाव रिकामा करायला लावला. हाज चिडले, पाहुण्यांना काय वाळूत पोहायला सांगू?

५ एप्रिल
तलाव कोरडा ठणठणीत. नवा ठिपका तासाभरात तुटला. छताखाली वजन दाखवणारे टेकू लावले. काटा शून्याकडे यायला हवा. वाढतोय.

६ एप्रिल
जुन्या इंजिनियरचे कागद मिळाले. ‘पाणी: शंभर टन.’ त्याखाली, त्याच अक्षरात, ‘पोहणारे: शंभर टन, मधल्या खांबावर.’
शंभर टन म्हणजे दीड हजार माणसं.
उम्म वरदाला खोली सोडायला सांगितलं. हसली. रिकाम्या पातेल्याला कोण भितं? खांब बिनकामाचा म्हणालात, तेव्हा खरं बोललात की आता?


७ एप्रिल, दुपार
मुलींना उचलून न्यायला आत आले, आणि छत दाराच्या चौकटीवर बसलं. दार हलत नाही. हाज माणसं आणायला धावलेत. खिडकीचे गज —
टेकू वाकलेत.
वर हातपाय मारल्याचे आवाज. कोरड्या तलावात. उम्म वरदा आता हसत नाही. चूक माझी, आणि तीच माझा हात धरून —
आवाज थांबले. सगळे आमच्या डोक्यावर येऊन उभे राहिलेत.
धाकटी विचारते, किती जण आहेत?
मी मोज —