नदीकडची खोली

ता. ३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. गुडघे बरे आहेत हे वाचून बरं वाटलं. डॉक्टरांशी भांडलीस हे वाचून जास्त बरं वाटलं, म्हणजे तब्येत खरंच सुधारली आहे.

आता मुद्द्याचं. सोबत वर्तमानपत्रातलं कात्रण पाठवतोय. जुन्या शहरात, नदीकाठी, 'संपूर्ण नूतनीकरण केलेला आलिशान फ्लॅट विकणे आहे'. फोटोतली खिडकीची कमान ओळखलीस ना? आपलंच घर, ताई! आपण भाड्याने राहत होतो आणि घरमालकाने बाहेर काढलं, तेच. मी ते घ्यायचं म्हणतोय. इथलं घर विकायचं, निवृत्तीचं जे काही मिळालंय ते सगळं त्यात घालायचं आणि तिकडे यायचं. ही गेल्यापासून इथे मन लागत नाही. इथलं घर घ्यायला एक गृहस्थ तयार आहेत, त्यांना महिनाअखेरीपर्यंत कळवायचं आहे.

तू एकदा बघून ये. तू हो म्हणालीस की मी सही केली म्हणून समज. फोन मात्र करू नकोस. मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं मी मनाने भरतो. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा,
बारक्या

ता. ११ मार्च

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

जाऊन आले. चांगला कोट घातला, शेजारणीची पर्स मागून घेतली आणि नाक वर करून लिफ्टमध्ये शिरले. हो, लिफ्ट आहे आता. घर दाखवायला आलेली मुलगी गोड होती, पण तिने दार उघडलं आणि माझा आवाज आपोआप खाली आला. भर दुपार होती ना! बाबा रात्रभर बेकरीत भट्टीपुढे उभे राहून सकाळी यायचे आणि नदीकडच्या खोलीत झोपायचे. मग संध्याकाळपर्यंत आपण सगळे कुजबुजत बोलायचो आणि भिंतीच्या कडेकडेने चालायचो, कारण मधल्या फळ्या कुरकुरायच्या. तर त्या चकचकीत संगमरवरावरूनही मी कडेकडेने चालले, आणि नळाला पाणी कसं येतं हे तिच्या कानाशी जाऊन विचारलं. थोड्या वेळाने तीही कुजबुजायला लागली. शेवटी तिने अगदी हळू विचारलं, की आपण असं का बोलतोय. मला हसू आवरेना आणि मग रडू आवरेना. बिचारीने पाणी आणून दिलं.

घर देखणं केलंय, खोटं कशाला बोलू? स्वयंपाकघराच्या ज्या कोपऱ्यात मी अंथरूण टाकायचे, तिथे आता नुसतं बुटांचं कपाट आहे, आणि बूट माझ्यापेक्षा ऐसपैस राहतात. न्हाणीघरातल्या टबात पडल्या पडल्या नदी दिसते. बोटीतल्या लोकांना तू दिसशील का, एवढं विचारायचं राहिलं.

पण बारक्या, घेऊ नकोस. खालचा चांभार गेला, दूधवाली गेली, कुलपं दुरुस्त करणारा गेला. आता तिथे आठवणीच्या वस्तूंची दुकानं आहेत आणि चाकांच्या बॅगा ओढत जाणारे प्रवासी. निघेपर्यंत सांज झाली होती, वर पाहिलं तर इमारतीत ओळीने दिवे लागले. मला बरं वाटलं. तर मुलगी म्हणाली, ते आपोआप लागतात, मालक वर्षातून कधीतरी येतात. तिथे तू न्हाणीघरात घसरलास तर हाक कुणाला मारशील?

तू इकडे यावंस असं मला इतकं वाटतं, की 'घे' लिहायला हात शिवशिवत होता. पण तुझी जन्माची कमाई त्या रिकाम्या इमारतीत घालायला मी सांगणार नाही. रागावशील, ठाऊक आहे. रागाव, पण जेव वेळेवर. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
ताई

ता. १९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस धुमसत होतो, म्हणून उत्तराला उशीर.

मला तो संगमरवर नको होता आणि टब तर नकोच नको. नदीकडच्या खोलीत दिवसा बाबा झोपायचे आणि रात्री मी, अभ्यासाच्या नावाखाली. तू मोठी, तरी लग्न होईपर्यंत स्वयंपाकघरात. एकदा तापात तू आईला म्हणाली होतीस, की आज तरी मला त्या खिडकीशी झोपू दे. मी पांघरुणात तोंड खुपसून ते ऐकत होतो. आईने तुझ्या डोक्यावर ओलं फडकं ठेवलं आणि विषय संपला.

ती खोली तुला द्यायची होती गं. मी मागची घेणार होतो. आधी सांगितलं असतं तर तू सरळ उडवून लावलं असतंस, म्हणून गप्प राहिलो. असो. तू म्हणतेस ते खरंच असणार. त्या गृहस्थांना महिनाअखेरीला 'नाही' कळवून टाकतो. इथेच बरा आहे मी. एकट्याला जेवण जात नाही एवढंच, पण त्याला काय इलाज! चुकलंमाकलं पोटात घाल.

तुझा,
बारक्या

ता. २४ मार्च

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

अरे बावळटा! तुझं पत्र वाचता वाचता दूध उतू गेलं, पातेलं अजून घासतेय.

काल दुपारी मी पुन्हा तिथे गेले. या वेळी पर्स माझीच होती. त्या मुलीला खरं ते सांगितलं, की मी काही गिऱ्हाईक नाही, पण मला नदीकडच्या खोलीत थोडा वेळ एकटीला सोड. ती दार लोटून गेली. मी कोट काढून उशाला घेतला आणि खिडकीशी जमिनीवरच आडवी झाले. पाण्यावरचं ऊन छतावर हलत होतं. मला माहीतच नव्हतं रे, की तिथून असं दिसतं. बघता बघता डोळा लागला. जाग आली तेव्हा उन्हं उतरली होती, आणि त्या पोरीने खरंखुरं गिऱ्हाईक खाली ताटकळत ठेवलं होतं.

तेव्हा खोली मला मिळाली. तू दिलीस आणि मी घेतली, आता त्यासाठी सही करायचं कारण नाही.

आणि त्या गृहस्थांना 'नाही' कळवू नकोस. 'हो' कळव. घर वीक, पैसा बँकेत ठेव आणि माझ्याकडे ये. माझ्या खिडकीतून नदी नाही, बसचा डेपो दिसतो. पहाटेपासून ड्रायव्हर एकमेकांच्या नावाने ओरडत असतात, तुला अर्धं ऐकू येतं तेवढं पुष्कळ आहे. मागच्या खोलीतलं शिवणाचं मशीन हलवलं आहे.

उपकार, ओझं असलं काही लिहून पाठवू नकोस. मला तरी एकटीला जेवण कुठे जातं?

पत्रातून लोभ खूप झाला, आता समोर बसून कर.

तुझी,
ताई