लाल सुतळीचा ब्रश

मी, खाली सही करणारी, वय बहात्तर, धंदा स्टेनलेस स्टीलचे वेल्डिंग, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. नजर थोडी अधू झाली आहे, पण जन्मभर ठिणग्या पाहिल्यावर एवढी शिल्लक राहिली हेच खूप. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणण्याचा हक्क असलेला एकच माणूस होता, माझा नवरा. तो नऊ वर्षांपूर्वी गेला आणि त्यालाही ते कधी जमले नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. वर्कशॉपच्या वरच्या दोन खोल्या आणि बँकेतली ठेव माझ्या मुलाला द्यावी. तो शाळेत भूगोल शिकवतो आणि वर्कशॉपच्या धुराने शिंकतो. मुलगा गुणी आहे. कपाटावरची पुस्तके मात्र त्याने आता तरी आवरावीत.

२. थोरल्या जाऊबाईंच्या जिन्याचा स्टीलचा कठडा मी जोडला होता. त्याला धरून त्या रोज वर चढतात आणि वर पोचल्यावर ‘बाईमाणसाने ठिणग्यांत बसू नये’ म्हणून मला नावे ठेवतात. त्या कठड्यावर मी कसलाही हक्क सांगत नाही. तो त्यांना लखलाभ असो.

३. हे कलम मिळकतीचे नाही, पण ते वाचल्याशिवाय पुढचे कळणार नाही. एकतीस वर्षांपूर्वी मी एका मोठ्या शेडमध्ये कामाला होते. सव्वीस वेल्डर, त्यांत बाई मी एकटी. माझा ब्रश माझ्या खिळ्याला टांगलेला असे. तारा स्टेनलेसच्या, मुठीला लाल सुतळी. स्टेनलेसचा जोड स्टेनलेसच्याच ब्रशने घासायचा. लोखंडी तारांच्या ब्रशने घासला तर लोखंडाचे कण जोडात रुततात, ते गंजतात आणि नाव स्टीलचे खराब होते. स्टीलचा ब्रशही एकदा साध्या लोखंडावर फिरला की तो स्टेनलेसच्या कामातून गेला.

त्या वर्षी दुधाची टाकी केली. आतले सगळे जोड माझे. तिसऱ्या आठवड्यात जोडांच्या कडेने तांबूस डाग उमटले. फोरमनने सगळ्यांना गोळा केले आणि म्हणाला, “जोड कच्चा. बाईचा हातच कच्चा.”

मी ब्रश काढून पाहिला. तारांत हिरव्या रंगाचे कण अडकले होते, आणि टाकीचे काम चालू होते त्याच आठवड्यात शेडचे हिरवे लोखंडी गेट खरवडले होते. मी म्हटले, “साहेब, जोड पक्का आहे. माझ्या ब्रशने कोणीतरी गेट घासलंय.”

“ब्रश तो ब्रश,” फोरमन म्हणाला. “उद्या झाडूवर खापर फोडशील.”

सगळे हसले. मला त्याच दिवशी घरी पाठवले. माझी चूक एकच, खिळ्यावरून काढताना ब्रश उलटा करून पाहिला नव्हता.

घरी येऊन मी रडले नाही. खरे तर थोडी रडले, मग उठले. एकाच पत्र्याच्या दोन पट्ट्या घेतल्या, उसन्या मशीनने दोन्हींवर सारखा जोड घातला. एक नव्या स्टीलच्या ब्रशने घासली, दुसरी त्या लाल सुतळीच्या. शेडच्या गेटसमोर सार्वजनिक नळ होता, तिथे दोन्ही टांगल्या आणि सकाळ-संध्याकाळ त्यांवर मिठाचे पाणी मारले. बाकीचे पंचवीसच्या पंचवीस जण जाता-येता बघत. चौथ्या दिवशी एक पट्टी तांबारली. दुसरी लख्ख.

पाचव्या दिवशी खुद्द दूधवाल्या कंपनीचे मॅनेजर आले. दोन्हींवरून बोट फिरवून म्हणाले, “टाकी नीट करशील?” मी एकही जोड उघडला नाही. ॲसिडचा लेप लावून लोखंड काढले, टाकी धुऊन दिली. ती आजही दुधाने भरते. त्या कामावर हे वर्कशॉप उभे राहिले, आणि महिन्याभरात शेडमध्ये प्रत्येकाच्या जागी दोन-दोन खिळे लागले, लोखंडाचा ब्रश वेगळा, स्टीलचा वेगळा. मी जिंकले, हे लिहिताना मला जराही संकोच वाटत नाही.

४. वर्कशॉप, मशिने आणि वर्कशॉपचे नाव सुनेला द्यावे. गेल्या वर्षी मी मुलासमोर आणि सुनेसमोर तीन ब्रश ठेवले, लोखंडी, पितळी आणि स्टीलचा. म्हटले, स्टेनलेसच्या जोडाला कोणता? मुलाने झटकन स्टीलचा उचलला. सुनेने त्याच्या हातातून तो घेतला, उलटा केला, तारा चाचपल्या आणि विचारले, “आई, हा आधी कशावर चालवलाय?”

सकाळीच मी त्या ब्रशने खिडकीचे लोखंडी गज घासले होते. मुलगा टाळ्या वाजवू लागला. त्यावरून कळते की तो खरोखर गुणी आहे.

५. त्या दोन पट्ट्या वर्कशॉपच्या दाराशी आहेत तशाच राहाव्यात. तांबारलेली पट्टी कोणीही घासून स्वच्छ करू नये. हिरव्या कणांचा जुना ब्रशही सुनेलाच द्यावा. तो दाखवण्यासाठी आहे, वापरण्यासाठी नाही.

६. साक्षीदार म्हणून मी त्याच फोरमनना बोलावले आहे. निवृत्त झाल्यापासून ते आमच्या दारासमोरून जाताना पलीकडच्या फुटपाथने जातात. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, असे वकीलबाई म्हणाल्या. बरेच झाले. मला त्यांची माफी नको, फक्त मी शुद्धीवर आहे एवढी सही हवी. आत्ता ते समोरच्या स्टुलावर बसून हे वाचत आहेत. कलम तीन त्यांनी दोनदा वाचले. आता विचारतात, “नुसती सहीच करायची, की खाली काही लिहिलं तर चालेल?”

मी म्हटले, “जागा भरपूर आहे.”

ठिकाण: वर्कशॉप, खालचा मजला
दिनांक: १४ मार्च २०२६

सही: (वर्कशॉपची मालकीण)

साक्षीदार पहिल्या, कोपऱ्यावरच्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई: बाईंनी आम्हा दोघांसमोर सही केली. प्रकृती व मन दोन्ही उत्तम. (सही)

साक्षीदार दुसरे, निवृत्त फोरमन: बाई शुद्धीवर आहेत. तेव्हाही होत्या. गेट मी घासलं. घाईत हाताला लागला तो ब्रश घेतला आणि परत त्यांच्याच खिळ्याला टांगला. जोड पक्का होता. (सही)