पिशवीवरच्या शुभेच्छा

अमरावती, ५ डिसेंबर १९६५
...आणि म्हणूनच जग उपाशी आहे. कोणी ऐकूनच घेत नाही! दर्यापूरजवळच्या आमच्या चार एकरांत हायब्रीड ज्वारी लावायची आयडिया माझी. पीक दुप्पट आलं. बाबांनी (मोरोपंत वकील, कोर्टापलीकडे नॉलेज शून्य) नुसतं "हं" केलं. अर्ध्या वाट्यानं शेत करणारा भगवंत मात्र कणसं कुरवाळत बसला होता. चला, एकाला तरी सायन्स कळतं.

१९ डिसेंबर
भगवंतच्या घरी गेलो. पुढच्या पेरणीसाठी गावरान ज्वारीचं बी मडक्यात राख घालून जपलंय. म्हटलं, म्युझियम आहे काय? दळून खा. यंदाच्या हायब्रीडचीच चांगली कणसं काढून पेरू. त्याची बायको पार्बताबाई म्हणे, "अन् नाही साधलं तं वर्षभर खावाचं काय आमी, भाऊ?" बायकांना प्रोग्रेस नको असतो.

त्याच दिवशी, संध्याकाळी
भगवंतनं हायब्रीडची रिकामी पिशवी आणली. "इंग्रजीत काय लिहेल हाये, भाऊ?" लिहिलं होतं, या पिकाचं बी पुन्हा पेरू नका, दरवर्षी नवीन घ्या. विकणाऱ्यांची लबाडी! गरिबाला कशाला घाबरवा? सांगितलं, शुभेच्छा आहेत. त्यानं पिशवी कपाळाला लावून देवाजवळ टांगली.

१ जानेवारी १९६६
रिझोल्यूशन : रोज पाचला उठून वर्ल्ड हंगरवर पुस्तक लिहिणे. आज नऊला उठलो. उद्यापासून.

३ जुलै
पेरणी. गावरान बी केव्हाच दळून खाल्लं, आता मागे वळणे नाही. चिखल फार, म्हणून मी छत्री घेऊन रस्त्यावरून ऑर्डर दिल्या. जनरल थोडाच खंदकात उतरतो!

२१ ऑगस्ट
काही ताटं गुडघ्याएवढी, काही माझ्या डोक्यावर. शेजारच्या शेतातले नत्थुजी म्हणे, "काहून भाऊ, ज्वारी काय फोटो काढाले उभी केली?" अडाणी. याला व्हरायटी म्हणतात.

९ ऑक्टोबर
एक कणीस पिकलंय, शेजारचं फुलोऱ्यात. जे पिकतं ते पाखरं खातात. पाखरंसुद्धा जगातच राहतात. भुकेचा प्रश्न थोडा तरी सुटला.

१३ नोव्हेंबर
पीक गेल्या वर्षीच्या चौथाई. पार्बताबाई कोपऱ्यात पोती मोजत होती, तीनवर थांबली. तेवढ्यात गावच्या शाळेचे केशवराव मास्तर आले. त्यांना कोणी सांगितलं होतं देवाजवळची पिशवी मोठ्यानं, तीही मराठीत, वाचायला? भगवंत भांडला नाही. एवढंच म्हणाला, "भाऊ, तुमाले वाचता येते ना?"
इंग्रजीत मला पासष्ट मार्क होते!

२ डिसेंबर
गावरान बी आता फक्त नत्थुजींकडे. भगवंत मागायला गेला. त्यांनी बी दिलं, वर खायला दोन पोती ज्वारी. अट एकच : "वकिलाच्या पोराले शेताच्या धुऱ्यावर पाय ठेवू देऊ नको." म्हणजे बांधावरसुद्धा नाही! भगवंत लगेच हो म्हणाला, विचारसुद्धा केला नाही. बाबांनी तर अट स्टॅम्पपेपरवर टाइप करून दिली आणि साक्षीदार म्हणून माझीच सही घेतली.

माझं टेक्निक पाहून घाबरलेत सगळे. जाऊ दे. आफ्रिकेतही पुष्कळ लोक उपाशी आहेत. पण तिथल्या शेतांना धुरे असतात काय? तुला काय वाटतं, रोजनिशी?