काठावरचे धरून अठरा

नवनाथभाऊ यांना नारायणगावाहून तुमच्या दाजीचा, सोमनाथचा, वाकून नमस्कार. घाटघरला थंडी कशी आहे? वहिनींची कंबर, तिन्ही लेकरं, म्हशी, सगळे ठीक असतील. ज्योत्स्ना बरी आहे. मूल व्हावं म्हणून तिच्या गोळ्यांना तीन वर्षं झाली (माझा रिपोर्ट चांगला, अठरा, हे तुम्हाला ठाऊकच आहे). पत्र अशासाठी, की मोबाईलवर लिहिलं तर तुमची बहीण वाचते.

आमच्या लॅबमध्ये आठ महिन्यांपूर्वी आहुप्याची रुपाली लागली. भाऊ, मी जळतो तिच्यावर, खोटं कशाला बोलू? अकरा वर्षं पुरुषांचे नमुने मी मायक्रोस्कोपखाली मोजतोय (शुक्रजंतूंचा आकडा पंधराच्या खाली गेला की कमी), आणि खिडकीजवळची खुर्ची तिला! डॉक्टर तिला चहा बशीसकट देतात, मला कागदी कपात. जे नवरे बाईमाणूस दिसलं की बाटली खिशात लपवायचे, ते आता विचारतात, रुपालीमॅडमच मोजतील ना? लई डोक्यात जातं राव.

डॉक्टर दर महिन्याला आमची परीक्षा घेतात. एकच नमुना दोघांनी वेगवेगळा मोजायचा, आकडे जुळले पाहिजेत. माझा दरवेळी जास्त. मी म्हणायचो, पोरीची नजर कच्ची. परवा डॉक्टर म्हणाले, यावेळी जुळलं नाही तर रिपोर्टवर सही तिची. मग काय, ती हात धुवायला गेली तसा मी तिच्या कागदावर डोळा टाकला आणि बेचाळीस लिहून मोकळा झालो (तुम्ही चोरी म्हणा, मी जुळवणी म्हणतो). पण डॉक्टर बिलंदर! या खेपेला माझ्या बाटलीतला नमुना त्यांनी निम्मा पातळ केला होता. माझे एकवीस यायला पाहिजे होते. रुपाली हसली नाही, याचाच जास्त राग आला.

मग डॉक्टरांनी मला शेजारी बसवून मोजायला लावलं. मोजायच्या काचेवर चौकटी असतात. रेघेवरचे दोन बाजूंचे धरायचे, दोन बाजूंचे सोडायचे, नाहीतर तेच शेजारच्या चौकटीत पुन्हा मोजले जातात. मी चारही बाजूंचे धरत होतो. आता आपण पायलीवर शीग लावून धान्य देणारी माणसं, काठावर आलेलं सोडवतं का? शिवाय एखादा कचऱ्याचा कण शंकास्पद दिसला, तर तोही मी आशेनं धरायचो. डॉक्टरांनी पडताळलं, तर माझा आकडा दीडपट. सही गेली. वर रुपाली म्हणते, "दादा, मी शिकवते, सोपं हाय." मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जुन्या सगळ्या लोकांना डॉक्टर आता फुकट फेरतपासणीला बोलावताहेत. वहिनींना नमस्कार, लेकरांना पापा.

तुमचा,
सही गेलेला सोमनाथ

ता. क. दुसऱ्याला दाखवायची लाज, म्हणून माझा नमुना तीन वर्षांपूर्वी मीच मोजला होता. अठराचे बारा होतात, भाऊ. शनिवारी सकाळी नऊला वारूळवाडीच्या फाट्यावर या. मी बाटली देईन, ती काखेत उबेला धरून तासाच्या आत लॅबमध्ये पोचवा आणि नाव तुमचं लिहा. तीन लेकरांच्या बापाला कोण हसतंय? मोजायला रुपालीच पाहिजे असा हट्ट धरा. दुसऱ्या कुणाचा आकडा मी मानणार नाही.

आणखी एक. ज्योत्स्नाच्या गोळ्या कालपासून थांबवायला सांगितल्या. तिनं का म्हणून विचारलं, तर मी डॉक्टरांचं नाव घेतलं. तीन वर्षांत तिनं एक गोळी चुकवली नव्हती.