धवल्याला लग्न हवं

आई,
तळवलीत सगळ्यांना उन्नतीचा पुण्याहून नमस्कार.

फोनवर तू स्पीकर लावतेस आणि अख्खी आळी ऐकते, म्हणून लिहितेय. मी मजेत आहे. मेसची भाजी गोड असते, पण होतेय सवय. तुझा गुडघा कसा आहे? बाबांची गोळी चुकत नाही ना?

गाण्याच्या डिग्रीला जोडविषय निवडायचाय, हार्मोनियम नाहीतर लोकसंगीत. पुढच्या शुक्रवारी पोर्टल बंद होतं. सकाळी हार्मोनियम टाकते, जेवून आले की काढते. माझ्या येरझाऱ्यांना रूममेट वैतागलीय.

लोकसंगीताच्या मॅडमनी विचारलं, घरी कोण गातं? मी बोलले, आई धवलारीण आहे, आगऱ्यांच्या लग्नात धवले गाते. "मग गा की एखादा!" मी बोलले, लग्न नसताना आमच्या घरात धवला तोंडातून काढत नाहीत. सगळे हसले. मॅडम नाही हसल्या. म्हणाल्या, "मग एखाद्या लग्नात आईचं गाणं रेकॉर्ड करून आण. तोच तुझा पेपर."

तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. हल्ली सगळ्यांना डीजे लागतो. तुला शेवटचं बोलावणं कधी आलं, तेही मला आठवेना.

गावात कोणाचं लग्न ठरलंय का, जिथे तुला बोलावतील? शुक्रवारच्या आत कळव.

आणि "तुजाच लगीन करू का?" असं विचारू नकोस. माझ्या लग्नात तू नवरीची आई म्हणून रडत बसशील. मग धवला गाणार कोण?

तुझीच,
उन्नती