मिस्त्रीचं नाव

आबा,

तुमच्या नातीने मासिक काढलंय, आणि तेही जुन्या लाकडी होड्यांवर. मासिक म्हणायचं एवढंच, निघणार तीन महिन्यांतून एकदा. भरतकामाच्या कारखान्यात ती कॉम्प्युटरवर डिझाइन करते, ती नोकरी सांभाळून, शेजारच्या निवृत्त गुजराती शिक्षिकाबाईंना जोडीला घेऊन तिने हा उद्योग मांडलाय. एका बाजूने उघडलं की मराठी, उलटं करून दुसऱ्या बाजूने उघडलं की गुजराती. तुम्ही असतात तर पहिला प्रश्न विचारला असतात, वाचणार कोण? मीही तोच विचारला. तर म्हणे, आई, लोक आहेत. आणि खरंच आहेत हो. कोणी आजोबांचा मचवा अंगणात छप्पर घालून जपलाय, दमणहून एकजण विचारतो की पूर्वी शिडाची शिवण कशी घालत, एक डॉक्टर रविवारी दवाखाना बंद ठेवून होडीला तेल पाजत बसतात. पहिला अंक हातात पडायच्या आधीच या मंडळींनी वर्गणी पाठवली. हिशेब अर्थात माझ्याकडे. कागदावरून मी भांडलेसुद्धा. म्हटलं, एवढा जाड गुळगुळीत कागद कशाला, लग्नपत्रिका छापताय का? बाई म्हणाल्या, "बेन, फोटा सारा आववा जोईए ने!" म्हणजे फोटो चांगले यायला हवेत. शेवटी वरचं पान जाड आणि आत साधा कागद, असा तोडगा निघाला. देवघरासमोर बसून हिशेब करते मी, म्हणजे हात आखडता राहतो.

पण लिहायला बसले ते यासाठी नाही. मागच्या आठवड्यात मी पोळ्या करत होते आणि दोघी स्वयंपाकघरातच फरशीवर पानं पसरून बसल्या होत्या. तुमच्या त्या मगदल्ला बंदरावरच्या शेठच्या नातवाने त्यांना एक जुना फोटो पाठवला होता. पोरीने तो माझ्यापुढे धरला. खाडीत अर्धाअधिक बुडालेला नवा मचवा, काठावर दोन्ही हात वर केलेले शेठ, आणि गुडघाभर पाण्यात, खांद्यावर पंचा टाकून, जणू गिरणीत दळणाचा नंबर यायची वाट बघत असावेत असे निवांत उभे असलेले तुम्ही. घरी तुमचा एकच फोटो आहे, हार घातलेला, त्यात तुम्ही घाबरलेले दिसता. इथे तुम्ही तुमच्यासारखे दिसता. खाली पोरीने लिहिलं होतं, "पाण्यात उतरवला त्याच दिवशी बुडालेला मचवा, सोबत एक कारागीर." मला असं हसू फुटलं आबा, की तव्यावरची पोळी करपली. हसता हसता डोळे पुसायला लागले तेव्हा पोरगी घाबरली.

तो दिवस मला लख्ख आठवतो. आईने डबा देऊन पाठवलंय, खाडीवर ढोलताशा, उधाणाची भरती, मचव्याला हार, पुढच्या टोकाला नाळेवर कुंकवाची बोटं. दोरखंड ओढणारे ओरडतात, मचवा घसरत पाण्यात जातो, लोक टाळ्या वाजवतात. आणि मग फळ्यांच्या सांध्यांतून पाणी आत यायला लागतं. आधी झिरपतं, मग धारच लागते. ढोल थांबतो. शेठ धोतर सावरत धावत येतात. "मिस्त्री, आ शुं कर्युं? डुबाडी दीधो मारो मछवो!" आणि तुम्ही माझ्या हातातून डबा घेता, उघडून भाजी कसली आहे ते बघता, आणि म्हणता, "पीवा दो एने, शेठ. तरस्यो छे." तहान लागलीय त्याला, पिऊ द्या. शेठना वाटलं थट्टा चाललीय. तुम्हाला नाही नाही ते बोलले, चारचौघांत बोलले. मी लाजेने खाली बघत राहिले. जेवून झाल्यावर तुम्ही मला जवळ बसवून सांगितलंत, की कित्येक महिने उन्हात उभं राहून लाकूड सुकतं, आक्रसतं. पाणी प्यायलं की फळ्या फुगतात आणि एकमेकींना घट्ट धरतात. मग पाणी उपसून टाकायचं, की झालं. तसंच झालं. पुढच्या पौर्णिमेला तो मचवा विटा भरून गेला, आणि शेठनी तुम्हाला शाल दिली. ती आईने पुढे कितीतरी हिवाळे वापरली.

हे सगळं मी पोळ्या लाटता लाटता सांगितलं. बाईंनी चष्मा काढला. पोरगी म्हणाली, "आई, हे तूच लिही. अंकात एक पान ठेवते तुझ्यासाठी." म्हटलं, अगं, मी मॅट्रिक. लेख कसला लिहिते मी? "मग बोल, मी उतरवून घेते." असं करत करत पान झालंसुद्धा. अडलं ते शेवटी फोटोपाशी. ती म्हणाली, "आता 'एक कारागीर' काढून टाकू. आबांचं पूर्ण नाव सांग."

 आणि मला दुसरा एक दिवस आठवला. तेव्हा मला नुकतं लिहिता यायला लागलं होतं. एका होडीच्या मागच्या फळीवर, जिथे मालकाच्या आईचं नाव रंगवायचं होतं, त्याच्या खाली मी खडूने तुमचं नाव लिहिलं, छान वळणदार. वाटलं होतं शाबासकी मिळेल. तुम्ही ओला फडका घेऊन ते पुसलंत. "ही काय शाळेची पाटी आहे? होडी मालकाच्या नावाने जाते आणि देवाच्या भरवशावर. मिस्त्रीने मध्ये लोंबकळायचं नसतं." आवाज चढवला नव्हता तुम्ही, पण पुन्हा माझी छाती झाली नाही.

पोरीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "होडी मालकाची होती, कबूल. पण पान कोणाचं आहे?" बाई म्हणाल्या, "बेन, नाम नहीं आपो तो पाछा 'एक कारीगर' थई जशे." नाव दिलं नाही तर पुन्हा तुम्ही 'एक कारागीर'च. रात्रभर विचार केला असं नाही सांगत, झोप लागली मला. पण सकाळी आंघोळ झाल्यावर गावाकडच्या रीतीने देवाला कौल लावला. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवली. उजवं पडलं तर नाव द्यायचं, डावं पडलं तर नाही. हात जोडून बसले. दोन्ही फुलं एकदम पडली. मागून पोरगी म्हणते, "आई, पंखा बंद करून तरी विचारायचंस." खरंच चालू होता हो. भेस्तानच्या या खोलीत उकाडा इतका, की पंखा चालू असतो हे माझ्या ध्यानातच राहत नाही. पुन्हा लावायला मन होईना. देवाला एकच गोष्ट दोनदा विचारणं बरं नव्हे.

नारळी पौर्णिमेला तापीच्या ओवाऱ्यावर, म्हणजे घाटाच्या पायऱ्यांवर, नारळ वाहून पहिला अंक बाहेर काढणार आहेत. दमणचा तो माणूस येणार आहे, डॉक्टर येणार आहेत, शेठचा नातूही येतो म्हणालाय. तुम्ही माझ्याजवळ बसायला हवे होतात त्या दिवशी. मासिक चालेल की नाही ते मला सांगता येत नाही, पण हिशेबाची वही लिहिताना मी बघतेय, रोज कुणाचं तरी नवीन पत्र येतंय, आणि पोरगी कारखान्यातून आली की चहाच्या आधी टपाल बघते.

पानं आज दुपारीच छापखान्यात गेली. हे पत्र तुमची परवानगी मागावी म्हणून लिहायला घेतलं होतं, पण कुठे टाकणार, पोथीत ठेवून देईन. आणि खरं सांगू का आबा, पंखा बंद करायला ती वळली तेवढ्यातच मी तुमचं नाव सांगून टाकलं होतं, गावासकट. मग तिने विचारलं, लेखाखाली कोणाचं घालू? तेव्हा मी माझं दिलं, पण माहेरचं. म्हणजे तुमचं नाव त्या पानावर दोनदा आलंय.