वांग्याच्या मुळाशी उन्नी

कार्तिक वद्य सप्तमी, शके १८७७. सांज.

आज वांग्याच्या आणखी चार रोपांनी माना टाकल्या. हे नणंदेसमोर म्हणतात, "हिच्या हाताले गुणच नाई." हाताले? माह्या?

खड्ड्यातलं खत काढलं तवाच मी सांगतलं होतं, चार दिवस उन्हात राहू द्या, कोंबड्या त्यातल्या अळ्या येचून खातीन, मंग वाफ्यात टाका. पसरलंही मीच. दुसऱ्याच दिवशी यायनं काठी घेऊन कोंबड्या हाकलल्या अन् खत ओलंच वाफ्यात ओतलं. म्हणे, उन्हानं खताचा कस जाते. कोंबड्या चांगल्या पोट भरून खाऊन राह्यल्या होत्या, तरी हाकलल्या. मी तवा गप काऊन बसली? त्याचाच जास्त राग येऊन राह्यला.

मंग आज दोघायच्यासमोरच एक रोप उपटलं. मुळी कुरतडून साफ. खाली मातीत अंगठ्याएवढी पांढरी उन्नी, तीच खतातली अळी, वेटोळं करून बसली होती. उचलली अन् यायच्या तळहातावर ठेवली. म्हटलं, "पाहा माह्या हाताचा गुण."

यायनं हात झटकला. उन्नी खाली पडाची देर, का लाल कोंबडी धावत आली अन् गिळून मोकळी झाली. तीच, जिले काठीनं हाकललं होतं.

नणंद पदराआड हासली. यायनं हात धोतराले पुसला. मंग मलेच म्हणतात, "उरलेलं खत उद्या उन्हात पसरव, अन् कोंबड्या सोड त्याच्यावर. तुले एवढंही समजत नाई काय?"